घर-घर खेळताना माझा मुलगा 'बाबा' झाला

गोदाकाठ

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मुलगा चार वर्षांचा आहे, नाशिकमध्ये बालवाडीच्या छोट्या गटात जातो. गेल्या शनिवारी पालकांना तासभर वर्गात बसायला बोलावलं होतं. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. खिडकीशी भातुकलीचा कोपरा आहे. तिथे हा आणि त्याच्या वर्गातली एक मुलगी घर-घर खेळत होते. हा 'बाबा' झाला. भिंतीला टेकून पाय पसरले, एक लाकडी ठोकळा मोबाइलसारखा हातात धरला आणि त्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "चहा झाला का?" तिने रिकामा कप आणून दिला. याने तो फुर्र करून संपवला आणि तिथेच जमिनीवर ठेवला. मग ती सांगायला लागली की बाहुलीच्या अंगात ताप आहे. हा मान वर न करता म्हणाला, "तुला काही कळत नाही. थांब जरा."

हे वाक्य माझं आहे. सूरसुद्धा माझाच.

मुलगी उठली आणि बाहुली तिथेच ठेवून रंगांच्या टेबलाकडे निघून गेली. याला पत्ताच नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "चहा?"

आम्ही दोघंही नोकरी करतो. भाजी मी आणतो, मुलाला शाळेत मी सोडतो. आमचं घर बरोबरीचं आहे असं मी चारचौघांत सांगत आलोय. त्या तासानंतर मनाला चैन नाही. एवढ्या लहान मुलाला मुलींशी, मुलग्यांशी, सगळ्यांशीच मानाने वागायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि शाळेकडे काय मागायचं? पालकांच्या ग्रुपवर विषय काढला, तर "लहान आहेत, खेळू द्या" याच्या पुढे कोणी गेलं नाही. अनुभव असतील तर सांगा.

मीठभाकर

तुम्ही बघितलंत आणि तुम्हाला ते लागलं, यातच निम्मं काम झालं. आमची लेक 'आई' झाली की पहिलं वाक्य असतं, "आवरा लवकर, माझी बस चुकेल!" मुलं काही म्हणजे काही सोडत नाहीत.

ठोकळ्यांची_ताई

पुण्यात २२ वर्षं बालवाडीत शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक विनंती. घरी त्याला समोर बसवून "असं बोलतात का मुलींशी?" असं विचारू नका. त्याने पाहिलेलं मांडलं, एवढंच. ओरडा बसला तर तो शिकेल की बाबांसमोर घर-घर खेळायचं नाही.

असा प्रसंग आला की मी खेळ थांबवत नाही, खेळात शिरते. शेजारीण होऊन दार वाजवते. "अहो, बाळाला ताप आहे म्हणे? मी पाणी आणते, तुम्ही कपाळावर पट्ट्या ठेवा." बहुतेक वेळा 'बाबा' मोबाइल टाकून उठतोच, कारण तापलेलं बाळ हा चहापेक्षा जास्त रंगणारा खेळ असतो. मग उठून गेलेल्या मुलीजवळ जाऊन बसते. "तुझं ऐकून घेतलं नाही ना त्याने? जा, त्याला सांग, मी बोलत होते." ती जाऊन सांगते. हे वाक्य आमच्या वर्गात सगळ्यांना येतं: मी बोलत होते, मी बोलत होतो.

भातुकलीत सामान काय आहे तेही बघा. आमच्याकडे पूर्वी छोट्या साड्या, पोळपाट-लाटणं आणि गुलाबी कपबशा एवढंच होतं, मुलगे तिकडे फिरकत नसत. आता तिथे एक जुना मोठा शर्ट आहे, हेल्मेट आहे, मोजपट्टी, पाना, जेवणाचा डबा आहे. ठोकळ्यांचा कोपरा ओढून शेजारी आणला, मधलं कपाट काढून टाकलं. मुली ठोकळ्यांनी घराला जिना बांधायला लागल्या आणि मुलगे त्याच जिन्याने वर जेवायला यायला लागले. कुणाच्या हातातली गाडी काढून बाहुली द्यावी लागली नाही. तसं कधी करूही नये.

आता आमच्याबद्दल. एका आठवड्यात मी सहकारी ताईंना मागे बसवून माझं बोलणं लिहून घ्यायला सांगितलं. मुलींना मी म्हणत होते, "किती गोड फ्रॉक", "शहाणी गं माझी", "त्याला जरा डबा उघडून दे". मुलग्यांना, "या रे दोघं-तिघं, खुर्च्या उचलू", "काय जोरात पळतोस!" वही वाचताना मला रडू आलं. २२ वर्षांतली किती मुलं असतील. आता खुर्च्या उचलायला सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात असतात, निघेल ते मूल उठतं.

निवांत_दुपारी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मला हे सगळं जरा जास्त वाटतं. माझ्या मुलीला कोणी शिकवलं नाही तरी ती बाहुलीला थोपटते, आणि मुलाला चमचा दिला तरी तो त्याची गाडी करतो. निसर्ग म्हणून काही आहे की नाही? चार वर्षांच्या मुलाच्या खेळात समता शोधत बसलो तर त्याचा खेळच जाईल.

अक्षरवेल

@निवांत_दुपारी, खेळ जाऊ नये हे अगदी मान्य. मी बालविकास शिकवते, त्यातलं थोडं सांगते. साधारण अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला लागतं. पण ही गोष्ट बदलत नसते हे पक्कं कळायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं. चार वर्षांच्या मुलाला खरोखर वाटू शकतं की केस वाढवले, फ्रॉक घातला तर आपण मुलगी होऊ. त्यामुळे या वयात मुलं नियम शोधत असतात आणि सापडला की मुठीत घट्ट धरतात. गुलाबी मुलींचा. भांडी आईची. मोठ्या आवाजात बाबा बोलतात. आपण सांगायला लागत नाही, दोन-चारदा दिसलं की झाला नियम.

चमच्याची गाडी खुशाल करू दे. माझा जीव अडकला तो बाहुली टाकून उठून गेलेल्या मुलीत. चौथ्या वर्षी तिला कळलं की आपलं बोलणं मध्येच तोडलं तर आपण उठून जायचं असतं.

निवांत_दुपारी

हे पटलं. मूळ पोस्ट वाचताना मी मुलाकडेच बघत होतो, ती मुलगी माझ्याही नजरेतून सुटली.

पंचगंगा

थोडं अवांतर होईल, पण सांगतो. (मी बाई आहे. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात.) लग्न होऊन पुण्यात आलो तेव्हा सासरी याच्यावरनं हसायचे. माझं काही बिघडलं नाही, मी मोठी होतो. पण माझा मुलगा बोलायला लागला तो दिवसभर सासूबाईंजवळ असायचा, म्हणून "मी जेवते", "मी येते" म्हणायचा. अडीच वर्षांचं पोर. एका बारशाला कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अगं बाई, हा तर मुलगी झाला!" सगळा हॉल हसला. त्यानंतर तो क्रियापदच गिळायला लागला. "मी जेव..." म्हणून गप्प. दोन महिने.

आपल्या भाषेत मुलानं तोंड उघडलं की मुलगा का मुलगी ते सांगावंच लागतं. ते शिकतंय की आपलं आपण. पण त्या हशातनं त्याला काय कळलं? बाईसारखं असणं म्हणजे हसण्यासारखं. मला ते अजून टोचतं.

वऱ्हाडी_वाट

@पंचगंगा, आमच्याकडे 'लेकरू' म्हणतात. लेकरू आलं, लेकरू जेवलं, लेकरू झोपलं. पोरगा असो की पोरगी. त्या शब्दात माया किती आहे!

अजून एक पाहा. मुलीला "माझा वाघ", "माझा राजा" म्हणतो आपण, सगळ्यांना कौतुक वाटतं. मुलाला एकदा चारचौघांत "माझी चिऊ" म्हणून पाहा. लोक कसे चमकतात.

अंगणातली_बाई

मी धाराशिव जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. शहरातल्या ताईंसारखे कोपरे आमच्याकडे नाहीत, एक खोली आणि पुढची ओसरी. पण प्रश्न तोच.

आमच्याकडे एक चार वर्षांची पोर येते ती कडेवर धाकट्या भावाला घेऊनच. आई रानात. गाणं चालू झालं की ती एका पायावर डुलते, दुसरा पाय भावाच्या वजनाने उचलत नाही. मी भावाला गोधडीवर बसवून त्याच्यासमोर चार डब्यांची झाकणं ठेवली आणि तिला म्हटलं, आता तू उड्या मार. ती उडी मारायची आणि मागे वळून बघायची. पंधरा दिवस गेले तेव्हा कुठे न बघता उडी मारली. एवढ्याशा जिवाला आम्ही सगळे कौतुकाने 'छोटी आई' म्हणत होतो. मी ते म्हणणं बंद केलं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना हे फार आधी कळलं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, म्हणून अंगणवाडी. पुढे डहाणू तालुक्यातच कोसबाडला अनुताई वाघांबरोबर विकासवाडी चालवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी, कारण मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळण्यात अडकून पडायची. अंगणवाड्यांची सरकारी योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. आमच्या प्रशिक्षणात ताराबाईंचं नाव घेतात तेव्हा मला दरवेळी ती कडेवरची पोर आठवते.

आणि बापांचं म्हणाल, तर पालकसभेला आयाच येतात. मी एकदा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पारावर सभा घेतली. ११ जण आले. एवढंच विचारलं, "तुमच्या लेकराला कोणतं गाणं आवडतं?" तिघांना सांगता आलं. बाकीचे घरी जाऊन विचारून आले, दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून मला सांगायला.

मीठभाकर

@अंगणातली_बाई, "दारात उभं राहून मला सांगायला" इथे डोळ्यांत पाणी आलं.

जुनी_पाटी

अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस दोन्ही बायकाच असतात, खाजगी बालवाडीतही ताईच. मुलांना वाटणारच की भरवणं, नाक पुसणं, मांडीवर घेणं ही बायकांची कामं. ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका मूळचे वकील. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं, आणि लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, मिशावाली आई. शंभर वर्षं झाली. आपल्या किती बालवाड्यांत आज एक 'दादा' शिक्षक आहे? @गोदाकाठ, शाळेकडे काय मागायचं विचारलंत ना, महिन्यातून एक दिवस एखाद्या बाबांना किंवा आजोबांना वर्गात गोष्ट सांगायला बोलवा, हे मागा.

पर्वतीचे_आजोबा

मी ७१ वर्षांचा. एक वेगळी गोष्ट विचारतो. हल्ली माझी सून म्हणते, नातीला "पापी दे" असं म्हणायचं नाही. तिला विचारायचं. आता आजोबांनी नातीला जवळ घ्यायलाही परवानगी काढायची का? मनाला लागतं हो.

ठोकळ्यांची_ताई

आजोबा, तुमचं लागणं समजते. जवळ घेऊ नका असं कोणीच म्हणत नाही. आम्ही वर्गात सकाळी दारातच विचारतो, "नमस्कार, टाळी की मिठी?" मूल रोज वेगळं सांगतं. आज आजोबांना 'नको' म्हणता आलं आणि आजोबा रागावले नाहीत, तर उद्या एखाद्या परक्याने हात लावला तरी तिला 'नको' म्हणता येईल. आणि मुलग्यांनाही हे तितकंच हवं. त्यांचेही गालगुच्चे घेतले जातात, त्यांनाही आवडत नाही. ज्याचं 'नको' कोणी ऐकलं आहे, तो दुसऱ्याचं ऐकतो.

यारा_किनारी

मेलबर्नमध्ये बालवाडीत काम करते. इथे व्हिक्टोरिया राज्यात घरगुती हिंसाचारावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमलं होतं. त्याचा अहवाल मार्च २०१६ मध्ये आला, २२७ शिफारशींचा. त्यातून शाळांमध्ये 'रिस्पेक्टफुल रिलेशनशिप्स' हा कार्यक्रम उभा राहिला, आणि बालवाडीच्या शिक्षकांनाही प्रशिक्षण मिळतं. घरातली मारहाण थांबवायची तर सुरुवात बालवाडीपासून, हा विचार ऐकून सुरुवातीला मलाही लांबचा वाटला होता.

रोजच्या कामात ते फार साधं असतं. तळहात पुढे करून "थांब, मला आवडत नाही" म्हणायचं, आणि समोरच्याने हात खाली घ्यायचा. कुणी केस ओढले तर "तू त्याला आवडतेस म्हणून करतो गं" हे आम्ही कधीच म्हणत नाही. लहानपणी मला हे कितीदा ऐकवलं गेलं आहे! आवडणं आणि दुखवणं एकाच वाक्यात बांधून देतो आपण मुलींना.

पाटी_पेन्सिल

प्राथमिकला शिकवते, पण जोडून घेते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं, तेव्हा बरीच चर्चा झाली होती. चित्रवाचनात मी विचारलं, "बाबा काय करताहेत?" सगळा वर्ग एका सुरात, "आईला मदत!" मी पुन्हा विचारलं, "आणि आई काय करते आहे?" "भाजी निवडते!" एकच भाजी, एकच परात. एकाची मदत आणि एकीचं काम. तेव्हापासून मी घरातही 'मदत' हा शब्द जपून वापरते.

नाव_गाव_फळ

यावरून आठवलं. बालवाडीत पूर्ण नाव पाठ करून घेतात ना, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचा राज्य सरकारचा निर्णय आहे. ही मुलं आता बालवाडीच्या वयाला येतील. आमच्या ताई मोठ्या मुलांकडूनही आत्तापासूनच तसं म्हणवून घेतात. माझी मुलगी ते म्हणताना माझ्या नावावर जरा थांबते आणि माझ्याकडे बघून हसते.

चिऊचं_घरटं

गोष्टींबद्दल कोणी बोललं नाही अजून. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगते. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते, तीट लावते. एकदा एका मुलाने विचारलं, "ताई, बाळ आहे मग चिमणा कुठंय?" वर्गातून लगेच उत्तर, "ऑफिसला!"

मी त्यांना उत्तर दिलं नाही. आमच्या व्हरांड्यात पत्र्याखाली चिमण्यांचं घरटं आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भिंतीशी बसवलं, तोंडावर बोट. गळ्याखाली काळा डाग असतो तो चिमणा, नसतो ती चिमणी. अर्धा तास बसलो. आधी चिमणी आली, चोचीत अळी. मग चिमणा आला, त्याच्याही चोचीत अळी. आत चिवचिव. "ताई, बाबापण भरवतो!" असं ओरडल्यावर चिमणा उडून गेला, आणि सगळे त्या ओरडणाऱ्यावर रागावले. आता गोष्टीत चिमणा असतो, तो मुलांनीच घातला. चिऊ बाळाला पुसते तेव्हा तो आतून ओरडतो, "काऊदादा, आलो, हात ओले आहेत!"

दार उघडायचं की नाही यावर मात्र दरवर्षी वाद होतो. काही म्हणतात काऊ भिजतोय, लगेच घ्या. काही म्हणतात घर चिऊचं आहे, ती ठरवेल. मी दोन्ही बोलू देते.

पर्वतीचे_आजोबा

काल नातीला विचारलं, "नमस्कार, टाळी की मिठी?" म्हणाली, "टाळी." टाळी दिली. रात्री झोपायच्या आधी स्वतःहून येऊन मांडीवर बसली. अर्धा तास उठली नाही, पाय बधिर झाला, पण मी हललो नाही.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. "तुला काही कळत नाही" हे वाक्य मी तिला किती वेळा म्हणतो असं विचारलं. ती म्हणाली, "मोजायचं मी कधीच सोडलं." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळचा चहा आता मी करतो. मुलगा स्टुलावर उभा राहून खलबत्त्यात आलं ठेचतो. ते ठेचणं त्याला इतकं आवडलंय की चहा नको असला तरी आलं ठेचायचं असतं. परवा जेवताना बायको बँकेतलं काही सांगत होती आणि मी सवयीने मध्येच तोडलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आई बोलत होती." शाळेत शिकलाय. @ठोकळ्यांची_ताई, तुमचा प्रतिसाद मी त्यांच्या ताईंना दाखवला होता. मी थांबलो, "सांग" म्हटलं. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने सगळं सांगितलं, अगदी कॅशियरच्या मुलीच्या लग्नापर्यंत.

भातुकलीत तो अजूनही "चहा झाला का?" म्हणतो, ताईंनी सांगितलं. काल तो पुन्हा मध्ये बोलला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मी बोलत होते." हा गप्प बसून वाट बघू लागला. तीही गप्प. काय सांगायचं होतं तेच ती विसरली होती. दोघं बराच वेळ तसेच बसले होते म्हणे.

मीठभाकर

मग कळलं का, काय सांगायचं होतं ते?

गोदाकाठ

हो, आज सकाळी त्याने शाळेच्या दारातच तिला विचारलं. बाहुलीचा ताप उतरलाय, पण खोकला आहे.